तापलेल्या वाळूतली अंडी

कासवाचं घरटं उघडायची वेळ उलटून गेली होती. पिल्लं बाहेर आली नव्हती, म्हणून दुल्सेनं शेवटी वाळू उकरायला परवानगी दिली. सहा पायांच्या छोट्या यंत्रमानवानं आपल्या पसरट पुढच्या पायांनी वाळू बाजूला सारली. आत शंभरावर अंडी होती. एकही फुटलेलं नव्हतं. कुत्र्यांनी खड्डा उकरलेला नव्हता, की खेकड्यांनी अंडी फोडलेली नव्हती. समुद्राचं पाणीही तिथवर पोचलं नव्हतं. दुल्सेनं एक अंडं फोडून पाहिलं. आत नुसता घट्ट झालेला पिवळा बलक होता.

"पिल्लू मेलंय का?" मिथिलानं विचारलं.

"मरायला आधी असावं लागतं," दुल्से म्हणाली. "ह्याच्यात पिल्लू कधी तयारच झालं नाही. ह्या हंगामातलं हे अकरावं घरटं."

मिथिला होनराव सोलापूरची, सातवीत शिकणारी. २०५३ साली तिच्या शाळेत मुलांना वर्षातले तीन महिने शाळेबाहेर कुठेतरी खरंखुरं काम करावं लागे. मिथिलाची आत्या, डॉ. अनुराधा होनराव, आयुष्यभर समुद्री प्राण्यांचा अभ्यास करून निवृत्त झाली होती. ती स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्दे बेटांवर निघाली, तेव्हा मिथिलाही तिच्याबरोबर आली. तिथल्या एका लहान बेटावर समुद्री कासवं अंडी घालायला येत. दुल्से त्या बेटावरचीच. कासवांचं केंद्र ती चालवायची. ती तिच्या क्रिओल भाषेत बोले आणि मिथिलाच्या कानातलं दुभाषी यंत्र ते मराठीत सांगे. यंत्रमानव तिरका चालायचा, म्हणून मिथिलानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव चिंबोरी ठेवलं होतं आणि तेव्हापासून तो 'ती' झाला होता. कोकणातल्या तिच्या मैत्रिणी खेकड्याला चिंबोरी म्हणत.

"आता नवी घरटी बघू या," आत्या म्हणाली. "चिंबोरी, कॅमेरा घाल. अंड्यांना धक्का लावू नकोस."

चिंबोरीनं आठवड्याभरापूर्वीच्या एका घरट्यात दोऱ्याइतका बारीक कॅमेरा सोडला. पडद्यावर गोल पांढरी अंडी दिसू लागली.

"नीट बघ, मिथू. अंड्यात जीव वाढायला लागला की त्याच्या वरच्या बाजूला खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो. तो दिवसेंदिवस पसरत जातो. दिसतोय कुठे?"

मिथिलानं डोळे बारीक केले. "नाही. सगळी अंडी सारखीच आहेत. फिकट."

"म्हणजे ही अंडी फलित झालेली नाहीत. (मादीच्या बीजाला नराचं बीज मिळालं, तरच अंड्यात जीव वाढू लागतो. त्यालाच फलित होणं म्हणतात.) मादी अंडी घालतेय, पण तिला नर भेटलेलाच नाही."

"मग नर गेले कुठे?"

आत्या वाळूवर बसली आणि मिथिलालाही तिनं शेजारी बसवलं.

"माणसाचं बाळ मुलगा होणार की मुलगी, हे कधी ठरतं?"

"सुरुवातीलाच. आईबाबांकडून येणाऱ्या गुणसूत्रांवर. (पेशीतले बारीक धागे, ज्यांच्यात शरीराची माहिती असते.) शाळेत शिकवलंय."

"कासवांचं तसं नाही. अंडं घातलं तेव्हा आतला जीव नरही नसतो आणि मादीही नसतो. ते ठरवते वाळू."

"वाळू?"

"वाळूची ऊब. ह्या जातीच्या कासवांत घरटं साधारण एकोणतीस अंशांवर असेल, तर निम्मे नर आणि निम्म्या माद्या होतात. घरटं त्याहून थंड असलं तर नर वाढतात आणि गरम असलं तर माद्या. फारच गरम झालं तर कोणीच जगत नाही."

मिथिला विचारात पडली. "म्हणजे इथली वाळू खूप वर्षं गरम असेल, तर सगळ्या माद्याच झाल्या असतील. त्या मोठ्या झाल्या आणि आता त्यांतल्या कित्येकींना नर मिळत नाहीत!"

"हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला?" दुल्से म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती हातातली वाळू झटकत उभी राहिली. "आम्ही रोज तापमान बघतो. तो खांब दिसतोय? त्यातला तापमापक वाळूत अंड्यांइतकाच खोल आहे. कधी अठ्ठावीस, कधी एकोणतीस. त्यावर जात नाही."

खांब खाली, लाटांच्या जवळ होता. आकडे खरे होते. मग कोडं तिथंच अडकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिथिला पाण्यात पाय बुडवून परत येत होती. चपला तिच्या हातात होत्या. खालची वाळू कोमट होती. वर, अंड्यांच्या वाडीपाशी येताच ती टुणटुण उड्या मारायला लागली. वाडी म्हणजे कुंपण घातलेली जागा. किनाऱ्यावर जिथे लाटांचा किंवा कुत्र्यांचा धोका असे, तिथली अंडी उचलून स्वयंसेवक वाडीत पुरून ठेवत. मिथिलानं घाईनं चपला घातल्या आणि मग खाली वाकून पाहिलं. पाण्याजवळची वाळू फिकट होती. इथली मात्र काळपट होती, बेटावरच्या जुन्या ज्वालामुखीच्या दगडांची. सोलापुरात उन्हाळ्यात काळ्या रंगाच्या गाडीला हात लावायची तिची हिंमत होत नसे, तसंच हे.

ती धावतच केंद्रात आली.

"दुल्सेताई, तापमापक खाली का आहे? अंडी तर वर आहेत!"

दुल्सेचा घास हातातच राहिला.

"तो खांब वाडीच्या आधीचा आहे," ती सावकाश म्हणाली. "पूर्वी सगळी घरटी खालीच असायची. मग समुद्र आत येऊ लागला. माझ्या आईनं तीस वर्षांपूर्वी वर वाडी बांधली."

चिंबोरीनं वाडीतल्या घरट्यात टोकदार तापमापक उतरवला. आकडा चढत गेला आणि बत्तीसच्या पुढे जाऊन थांबला.

दुल्से कुंपणाला धरून उभी होती.

"म्हणजे आम्हीच," ती म्हणाली. "इतकी वर्षं. देशोदेशीची माणसं इथे येऊन राबली. आणि आम्ही नर संपवत होतो."

"तुझ्या आईनं वाडी बांधली नसती, तर ती अंडी लाटांनी नेली असती," आत्या म्हणाली. "आज इथे अंडी घालणाऱ्या माद्यांतल्या कित्येक ह्याच वाडीतल्या. हेही खरं आणि तू म्हणतेस तेही खरं."

"आई असती तर तिला काय सांगितलं असतं मी?"

उत्तर मिथिलानं दिलं, आणि तेही प्रश्न म्हणूनच. "तुमच्या आईनं ऐकून काय केलं असतं?"

दुल्सेनं तिच्याकडे पाहिलं. "शिव्या घातल्या असत्या. मग कुदळ उचलली असती."

संध्याकाळपर्यंत आराखडा तयार झाला. बेटावर खजुराची झाडं होती. मच्छीमारांकडे जुनी शिडं पडून होती. खांब रोवायचे, त्यांवर शिडं ताणायची आणि त्यावर झावळ्या पसरायच्या.

"सगळ्या वाडीवर सावली घालू या!" मिथिला म्हणाली.

"घातली, आणि वाळू फार थंड झाली, तर?" आत्यानं विचारलं.

मिथिलानं जीभ चावली. "तर सगळे नर होतील. मग पंचवीस वर्षांनी माद्या शोधाव्या लागतील."

"म्हणून अर्धी वाडी सावलीत, अर्धी उन्हात. आणि आणखी एक. उबवणुकीच्या काळाचे (अंडं घातल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंतच्या दिवसांचे) तीन भाग कर. नर की मादी हे मधल्या भागात ठरतं. ज्या घरट्यांचा तो भाग उलटून गेला, त्यांच्यासाठी आता काही करता येणार नाही."

म्हणजे जुन्या घरट्यांमधली बहुतेक सगळी पिल्लं माद्याच असणार होती. सावलीचा उपयोग होणार होता तो फक्त नव्या घरट्यांना, आणि त्यांचा मधला काळ लवकरच सुरू होणार होता.

मांडव उभा राहिला. सावलीखालचा आकडा रोज थोडा थोडा उतरून अठ्ठावीसवर आला. पण नेमक्या त्या मधल्या दिवसांत समुद्रावरून वारा सुटला. भर दुपारी एक शीड फाटलं. त्यानं दोन खांब उपटले आणि झावळ्या किनाराभर उडाल्या. उघड्या पडलेल्या वाळूवर ऊन भाजू लागलं.

"समुद्राचं पाणी शिंपू?" मिथिला ओरडली.

"नको! मिठानं अंडी सुकतील. गोडं पाणी आण!" दुल्से म्हणाली.

त्या कोरड्या बेटावर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून मिळे आणि ते जपून वापरावं लागे. स्वयंसेवकांनी आपल्या अंघोळीच्या बादल्या आणल्या. दोघं नॉर्वेजियन विद्यार्थी आणि एक सेनेगाली शिक्षिका फाटक्या शिडाची टोकं हातांनी ताणून धरून उभी राहिली. आत्या वयामुळे दमत होती, तरी एक टोक तिनं सोडलं नाही. मिथिला आणि चिंबोरी झावळ्या गोळा करत राहिल्या. वस्तीतून मच्छीमार दोरखंड घेऊन आले. ऊन उतरेपर्यंत मांडव पुन्हा बांधून झाला होता. मिथिलाच्या तळहातांना झावळ्यांनी चिरा पडल्या होत्या. तिनं आधी तापमापक पाहिला आणि मग हात धुतले. आकडा एकोणतीसच्या आतच राहिला होता.

पिल्लं बाहेर आली, तेव्हा मिथिलाचे परतीचे दिवस जवळ आले होते. पहाटेच वाडीतली वाळू खचली आणि त्यातून मूठभर काळी डोकी वर आली.

लहान कासव नर आहे की मादी, हे बाहेरून पाहून कळत नाही. पूर्वी ते कळण्यासाठी पिल्लू मारून आत पाहावं लागे. चिंबोरीला त्यासाठी रक्ताचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरे. रक्तात कोणतं संप्रेरक (शरीरात निरोप पोचवणारं रसायन) किती आहे, ते मोजून ती सांगायची. उन्हातल्या घरट्यांमधून तिनं मादी, मादी, मादी असंच सांगितलं. मग ती सावलीतल्या पहिल्या घरट्याकडे वळली.

"मादी," चिंबोरी म्हणाली. "नर."

दुल्सेनं तिला पुन्हा मोजायला लावलं.

"नर," चिंबोरी म्हणाली. पुढचाही नर निघाला. सावलीतल्या पिल्लांमध्ये निम्म्याहून जास्त नर होते. दुल्सेनं चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मग ती मोठ्यानं हसली. तिचं हसू ऐकून इतर स्वयंसेवक धावत आले.

ऊन चढायच्या आत पिल्लांना पाण्यापासून थोडं दूर ओल्या वाळूवर सोडलं. त्यांना चालू द्यायचं असतं, उचलून पाण्यात टाकायचं नसतं. मिथिला एका नराशेजारी उकिडवी बसली. तो दोन पावलं टाकी, थांबे आणि पुन्हा निघे.

"नीट बघून घे," दुल्से म्हणाली. "मादी मोठी झाली की अंडी घालायला किनाऱ्यावर येते. नर कधीच येत नाही. एकदा पाण्यात गेला की सगळं आयुष्य समुद्रातच."

"म्हणजे तो जमिनीवर इतकंच चालणार?"

"इतकंच."

मिथिलानं त्याच्या वाटेतला एक शिंपला बाजूला केला. "हे नर मोठे होतील, तेव्हा मी सदतीस वर्षांची असेन."

"ये तेव्हा. मी म्हातारी झालेली असेन, पण इथेच असेन. तू कासवांवर शिकून आलीस, तर मला बसून राहता येईल."

"आणि तेव्हा वाळू आणखी तापली असेल तर?"

"तर तुला माझ्याहून चांगला मांडव बांधावा लागेल," दुल्से म्हणाली.

पहिल्या लाटेनं पिल्लाला उलटंपालटं करून मागे ढकललं. ते सरळ झालं आणि पुन्हा निघालं. दुसरी लाट आली आणि परतली, तेव्हा वाळूवर फक्त त्याच्या पायांच्या बारीक रेषा उरल्या होत्या.