बारा घनफूट पाणी

गुरुवारी सुनावणी होती. त्याआधी ज्युनिपर फोर्क नदीच्या घळीतून आमचा लॉगर वर आणायलाच हवा होता. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं बॉथेलहून निघालो.

उन्हाळ्यात या नदीचं बहुतेक पाणी वरच्या बंधाऱ्यावर कालव्यात वळवतात. सॅमन माशांसाठी नदीत कमीत कमी किती पाणी ठेवायचं, तो आकडा राज्याची समिती ठरवणार होती. पण समितीकडची मोजमापं खालच्या पुलाजवळची. तिथे दुसरा ओढा येऊन मिळतो आणि नदी पुन्हा भरलेली दिसते. मधल्या चार मैलांच्या घळीत काय उरतं, ते कुणी मोजलंच नव्हतं! म्हणून सत्यजितकाकांनी जूनमध्ये तिथे पाण्याची पातळी सतत टिपणारा लॉगर बसवला होता. काका एकाहत्तर वर्षांचे, उभा जन्म नद्या मोजण्यात गेलेला. निमिष माझ्या ऑफिसातला, नागपूरचा, दोराच्या कामात पक्का. आणि मी, आश्लेषा, ओझं वाहायला.

घळीत उतरायला वाट नाही. मागच्या वर्षीच्या वणव्यात जळालेल्या उतारावर पाय टाकला की राख आणि दगड बरोबरच घसरत. अर्ध्यावर निमिषचा बूट गांधीलमाश्यांच्या पोळ्यात गेला. मान सुजली, एक डोळा मिटला.

"परत फिरू या का रे?" काकांनी विचारलं.

"काका, वर चढण्यापेक्षा खाली उतरणं इझी आहे, यार!"

ती रात्र आम्ही एका कपारीत काढली आणि रविवारी सकाळी दोरावरून नदीत उतरलो.

नदी कसली! गोट्यांमधून पाण्याची एक बारीक धार वाहत होती. खालच्या डोहात वीस-बावीस सॅमन अडकले होते, माझ्या हाताएवढे लांब. समुद्रातून शेकडो मैल पोहून अंडी घालायला आलेले. वर जायची त्यांची वाट चार बोटं खोल होती. एक मादी तिच्यात घुसली, पाठ उघडी पडली, तडफडली आणि मागे आली. पुन्हा घुसली. पुन्हा मागे.

काकांनी पात्रावर टेप ताणली आणि वेग मोजत मोजत ते पलीकडे गेले.

"सेकंदाला नऊ घनफूट," ते म्हणाले. "निदान पस्तीस हवं."

लॉगर एका पोलादी नळीत होता. नळीचे बोल्ट गंजलेले. आम्ही ती अख्खीच उपटून काढली. मी ती खांद्यावर घेतली आणि तेवढ्यात धारेचा रंग बदलला.

"पाणी गढूळ झालं!" काका ओरडले. "वर बंधाऱ्याचं दार उघडलंय! बाहेर पडा!"

भोंगा नाही, सूचना नाही. पाणी घोट्यावरून गुडघ्यावर आलं. निमिष काठावर चढला. मी चढले. काका मधेच उभे!

"पाय अडकलाय!"

दोन दगडांच्या फटीत घोटा. निमिषनं दोर फेकला, काकांनी कमरेला बांधला. मी पाण्यात उडी मारली. दगड हलेना. पाणी मांडीला लागलं. मी नळी फटीत घातली.

"नळी नको! तीन महिने आहेत तिच्यात! आश्लेषा, नको!"

मी सगळा भार टाकला. नळी वाकली. आत काहीतरी कडकन मोडलं. दगड वळला!

"ओढ, निमिष!"

काका सुटले. नळी माझ्या हातातून निसटली आणि फेसात गेली. आम्ही काठावर पडून धापा टाकत राहिलो. समोरून सॅमन वर निघाले होते. एकामागून एक, पाठी चमकवत! निमिष तर टाळ्या वाजवायला लागला.

काका म्हणाले, "थांब."

तासाभरात दार बंद झालं. पाणी आलं तसंच ओसरलं आणि वरच्या गोट्यांवर, उन्हात, मासे उघडे पडले. निमिष आणि मी धावलो. ओल्या हातांनी उचलून जवळच्या डबक्यात सोडत गेलो. नऊ वाचले. बाकीच्यांपर्यंत पोचायच्या आत त्यांचे कल्ले थांबले होते. एका मादीच्या पोटातून केशरी अंडी दगडांवर सांडली होती.

नळी खाली सापडली. चेपलेली, आत चिखल आणि फुटलेला लॉगर.

काकांचा घोटा मोडला होता. त्यांना पाठीवर घेऊन वर यायला आम्हाला दीड दिवस लागला.

गुरुवारी काका कुबड्या घेऊन उभे राहिले. आमच्याकडे एकाच दिवसाचं मोजमाप होतं, आणि काही फोटो. अध्यक्षबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एका दिवसावरून आकडा ठरवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं. पुलाजवळच्या जुन्या मोजमापांवरूनच किमान प्रवाह ठरला, सेकंदाला बारा घनफूट. फेरविचार पाच वर्षांनी.

पार्किंगमध्ये मी काकांसाठी गाडीचं दार उघडलं. "माझ्यामुळे गेलं, काका," मी म्हणाले.

"वेडी आहेस का?" त्यांनी कुबड्या माझ्याकडे दिल्या. दाराला धरून ते उभेच राहिले. "पाच वर्षांनी हे लोक मासे मोजायला येतील गं. पण पाच वर्षांनी जे परत यायचे, त्यांची अंडी या महिन्यात घातली जायला हवी होती."