पाहुण्याने न काढलेली ओळ

वाचनालयातल्या यंत्रासमोर दृष्टी गेलेले एक गृहस्थ पुन्हा पुन्हा पुस्तकाचं नाव घेतात. यंत्र ढिम्म.

एका कंपनीची जाहिरात: ‘बोला, पुस्तक शोधा! नवी सोय. वेगळं शुल्क.’

धाकट्याला नोकरी लागली. कुठे, ते म्हणे नंतर सांगणार.

ते गृहस्थ म्हणजे ताईचे बाबा. वाचनालयाचं सॉफ्टवेअर तिने, धाकट्या भावाने आणि ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं, कुणालाही फुकट. कंपन्या तेच बसवून देतात आणि देखभालीचे पैसे घेतात. बोलून शोधायची सोय धाकट्याने खास बाबांसाठी लिहिली होती.

नव्या आवृत्तीतून ती गायब होती. ‘पाहुणा’ या टोपणनावाने कुणीतरी ‘जुना कचरा काढला’ होता. अशा बदलाला दुसऱ्या कुणाचा तरी होकार लागतो. तो ताईनेच दिला होता. बाकी सगळं सुरळीत चालतंय एवढंच तिने पाहिलं होतं.

तिने जाहिरातवाल्या कंपनीच्या इंजिनिअरला गाठलं.

“पाहुणा तूच ना?”

“ताई, मी चोर दिसतो का तुम्हाला?”

“सोय तुम्हीच विकताय.”

“कंपनी विकतेय. म्हणून मीच?”

“मग बस इथे. जुन्या आवृत्तीतून ती सोय काढून दाखव.”

त्याने भराभर काढली. पुस्तकं परत घेण्याचं कामच ठप्प झालं. तो ओशाळला. ताईचा चेहरा मात्र उतरला.

घरी ती धाकट्यासमोर बसली.

“त्या भागात एक ओळ आहे. दिसते बोलण्याची, पण पुस्तकं परत घेणं तिच्यावर चालतं. हे कुठेच लिहिलेलं नाही. इंजिनिअरने ती उडवली. पाहुण्याने बरोबर ठेवली. हे कुणाला माहीत असणार? ज्याने लिहिली, त्यालाच.”

धाकटा नखं कुरतडत राहिला.

“फुकट मिळतंय तोवर विकत कोण घेणार? म्हणून आधी ते काढायचं. हीच ना नोकरीची अट?”

“बाबांना मी कंपनीची लावून देणार होतो गं. फुकट.”

“बाकीच्यांच्या बाबांना?”



ताईने सोय परत घातली आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. “होकार दे.”

“नोकरी जाईल माझी, ताई.”

“माहीत आहे रे.”

तो उठून बाहेर गेला. दार त्याने हळूच लावून घेतलं.

होकार शेवटी इंजिनिअरने दिला.

धाकट्याने ती सोय पहिल्यांदा सुरू केली होती, त्या दिवशी बाबांनी संध्याकाळपर्यंत स्वतःची स्वतः पुस्तकं नुसती शोधली होती आणि घरी एकही आणलं नव्हतं.