शनिवारचा खाडा

हर्षल पहिल्यांदा आला तेव्हा मोहिनीने नेहमीचाच प्रश्न विचारला, "कोण गेलं?"

पंचवटीतल्या त्या खोलीत येणारा प्रत्येक जण कुणाला तरी पोचवून आलेला असायचा, त्यामुळे तिची चूक नव्हती. त्यात बाहेर भुरभुर, आणि हा ओल्या शर्टात, उतरलेल्या चेहऱ्याने उंबऱ्यावर उभा.

"मॉडेम," तो म्हणाला. "सातपूरहून आलोय. तुमच्या वेबसाइटचं बघायला."

मोहिनी हसली नाही… म्हणजे ओठ मिटलेलेच होते. बाकी ती सगळीच हसली.

खोली दिगंबरकाकांची. काका तीर्थोपाध्याय. गोदावरीवर विधीला आलेल्या घराण्यांच्या नामावळ्या पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे, लाल फडक्यात बांधलेल्या. दोन हजार चार साली काकांनी त्या इंटरनेटवर टाकायला घेतल्या. एका घराण्याला एक पान. नाशिक रोडहून रोज बसने येऊन मोहिनी त्या टंकायची.

हर्षलने मॉडेम जिवंत केलं आणि वर एक नवीन गंमत लावून दिली. साइटवर किती जण आले, किती वाजता आले, कुठलं पान उघडलं, सगळं दिसायचं. काका रोज त्या आकड्याकडे असे बघत बसत, जसे घाटावरचे यजमान पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याची वाट बघतात.

आठवड्याने मोहिनीच्या लक्षात आलं. दोनशे चौदावं पान कुणीतरी दुपारी ठीक बारा वाजता उघडत होतं. फक्त तेवढंच पान. चार मिनिटांनी तेच पुन्हा एकदा, जाताना वळून बघितल्यासारखं. पानावरची शेवटची ओळ होती: गोटीराम, पत्नी साळूबाई, अपत्य नाही. दोघांना जाऊन साठ वर्षं झाली होती. मागे कुणी नव्हतं.

तिने हर्षलला फोन केला. तो तासाभरात आला. सातपूर ते पंचवटी, एवढ्या लवकर कुणी मॉडेमसाठीही येत नाही.

"शोधत शोधत येत नाही," तो पडद्याकडे बघत हळूच म्हणाला. "थेट पानावर येतो. वाट पाठ असल्यासारखा."

मोहिनीच्या हातावर काटा आला. तिने पदर सारखा केला, आणि मग आठवलं की आज ड्रेस घातलाय.

काका मात्र भुतांना भीत नसत, वारसांना भीत. नामावळी दाखवून लोक कोर्टात जमिनी मागतात; निर्वंश घराण्यावर कुणी डोळा ठेवला असेल, तर तो उद्या नातू म्हणून उभा राहील. सर्वपित्रीपर्यंत माणूस सापडला नाही तर साइट बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. साइट बंद म्हणजे मोहिनीची नोकरी बंद. आणि नोकरी संपली की विंचूरचा कांद्याचा व्यापारी, हे तिच्या वडिलांनी आधीच ठरवलेलं. त्या मुलाने तिला पाहायला आल्यावर एकच प्रश्न विचारला होता, कांद्याचा वास चालतो का.

हर्षल सहा वेळा आला. काकांचा पासवर्ड दाराच्या चौकटीवर खडूने लिहिलेला होता, तो बदलला. कुणीही येऊन मजकूर लिहू शकेल अशी एक फट होती, ती बुजवली. मोहिनीच्या हातचा चहा प्यायला, अकरा कप. एकदा माउसवर दोघांची बोटं एकदमच आली… आणि एकदमच परत गेली. बरोबर बारा वाजले होते. घाटावरचे कावळे अचानक गप्प झाले, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरच्या यादीत ओळ उमटली. दोनशे चौदा.

सर्वपित्रीला चार दिवस उरले तेव्हा मोहिनीने महिन्याभराची आकडेवारी कागदावर छापून घेतली. हर्षल आल्यावर ती त्याच्यापुढे सरकवली.

"यात काय दिसतं, सांगा."

"रोज येतो."

"रोज नाही. दर शनिवारी खाडा. भुताला साप्ताहिक सुट्टी नसते, हर्षलराव. सातपूरच्या कारखान्यांना शनिवारी असते."

हर्षलचे कान लाल झाले. त्याने खाली बघत कबूल केलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, बाराला हे पान उघड म्हणून. शनिवारी तो बंद असतो.

"पण का?"

"मॉडेम नीट चाललं होतं… तुम्ही बोलावलंच नसतं."

"आणि पान हेच का?"

"कुणाचं दुखू नये म्हणून. इथे दुखायला कुणी उरलेलं नाही."

मोहिनीने कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"नुसतं यायचंस की," ती म्हणाली. "मी काय पासवर्ड मागणार होते?… पण दर वेळी ते चार मिनिटांनी वळून बघणं छान होतं हं."

हर्षलने मान वर केली. "वळून? मी एकदाच उघडायचो."

त्याच दिवशी त्याने ते सगळं काढून टाकलं. काकांना खरं सांगितलं. काकांनी तासभर झापलं, मग साइट चालू ठेवली. मोहिनीने घरी विंचूरला नाही म्हणून कळवायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी शनिवार होता. सातपूर बंद. हर्षल मोहिनीशेजारी, दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलेला. बारा वाजले. दोनशे चौदा. कुठून आले त्या रकान्यात एरवी फक्त हर्षललाच कळणारे आकडे असायचे, आज काहीच नव्हतं.

"या पानाला कुलूप लावू?" हर्षलने विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. "महिनाभर भर दुपारी त्यांचं नाव घेतलंस. आता आले तर दार लावतोस?"

कुलूप लागलं नाही. सर्वपित्रीला काकांनी गोटीराम-साळूबाईंच्या नावाने तर्पण केलं.

मार्गशीर्षात लग्न झालं. काकांनी रिवाजाप्रमाणे मोहिनीचं नाव हर्षलच्या घराण्याच्या पानावर, त्याच्या नावाशेजारी घातलं. तीनशे सहावं पान.

दुसऱ्या दिवशी बाराला दोनशे चौदा उघडलं. चार मिनिटांनी हर्षल-मोहिनीने श्वास रोखून पुन्हा यादी पाहिली. या वेळी वळून बघणं नव्हतं.

तीनशे सहा उघडलं होतं.