तासातासाला पुसलेली फळी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातील ती सकाळ होती. उत्तर अमेरिकेतील सुपिरिअर सरोवरावरून उठलेले ढग आपले ओझे किनाऱ्यावर आणून रिकामे करीत होते. आणि रात्रपाळी आटोपून घरी निघालेल्या इर्मा हाउतालाची जुनी निळी गाडी कारी पॉइंटच्या वळणावर, बर्फाच्या ढिगात नाक खुपसून निमूट उभी होती.

इर्मा खाली उतरली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ती नुसती बसून राहिली. तिला रडू येत नव्हते, रागही येत नव्हता. ज्या व्यक्तीने रात्रभर वाऱ्यांच्या आकड्यांशी झुंज घेतली आहे, तिच्या अंगी सकाळी रडण्याइतकेही त्राण उरत नाही, हेच खरे.

इतक्यात काचेवर टकटक झाली. तिने काच खाली केली. बाहेर एक उंच मनुष्य उभा होता. दाढीत बर्फाचे खडे, हातात फावडे, आणि अंगाला माशांचा उग्र वास.

"जिवंत आहात ना?"

"आहे… बहुतेक."

"मग काच वर घ्या. बर्फ आत येतोय."

एवढे बोलून तो फावडे चालवू लागला. इर्माला संकोच वाटला. ती उतरली आणि म्हणाली, "अहो, मागचं डावं चाक आधी मोकळं करा, मग—"

फावडे थांबले. तो मनुष्य सावकाश वळला.

"परत बोला."

"काय?"

"काहीही. 'वायव्येचे वारे' म्हणा."

"तुम्ही बरे आहात ना?"

"म्हणा हो. एवढं खणतोय तुमच्यासाठी!"

वाद घालण्यापेक्षा ऐकणे सोपे होते. थंडीने ओठ बधिर झाले असतानाही इर्मा नेहमीच्या संथ स्वरात म्हणाली, "वायव्येचे वारे, तीस नॉटपर्यंत. लाटा आठ ते बारा फूट. लहान बोटींनी सावध राहावे."

"तुम्हीच त्या!" तो लहान मुलासारखा हसला. "दोन वर्षं झाली, रोज पहाटे माझ्या बोटीच्या रेडिओवर बोलता तुम्ही. मला वाटायचं, पन्नाशीची, जाड चष्म्याची कुणी मास्तरीण असेल."

"चष्मा आहे. घरी."

"आणि काल रात्री दोन इंच बर्फ म्हणालात. हे बघा—" त्याने फावड्याचा दांडा ढिगात खुपसला. "चौदा!"

इर्माचा चेहरा उतरला. खाटीक हेच म्हणे, पोस्टमन हेच म्हणे. गेल्या रविवारी तर चर्चच्या दारात पाद्रीबाबांनीही तिला बर्फाचा जाब विचारला होता. "तक्रार असेल तर टपालानं पाठवा," ती थकून म्हणाली.

"तक्रार कसली? तुम्ही दोन म्हणालात, म्हणून तर या वाटेनं आलात आणि अडकलात. मी आभार मानतोय, बाई."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच इर्मा हसली… आणि हसताना आपले गाल दुखतात, असे तिच्या ध्यानात आले.

त्याचे नाव ओन्नी सावेला. कारी पॉइंटच्या टोकाशी त्याचे लाकडी घर होते आणि धक्क्याला बांधलेली व्हाइटफिश पकडण्याची एक बोट होती. इर्मा पलीकडच्या गावातील हवामान कार्यालयात काम करीत असे. सरोवराचा अंदाज बांधणे आणि तो स्वतःच्या आवाजात टेपवर वाचून रेडिओवर सोडणे, हे तिचे काम.

"पण एकतीस तारखेला किनाऱ्याजवळचा अंदाज बंद होणार," ओन्नी गाडी ढकलताना म्हणाला. "तुमचा नियमच तो. एप्रिलपर्यंत मग रेडिओत नुसतं खोल पाण्याचं. माझी जाळी तर खडकांपाशी, खाडी गोठेपर्यंत पाण्यात असतात. मी काय करायचं?"

"बर्फ मोजा," इर्मा सहज बोलून गेली. "कारी पॉइंटला आमचा कुणी निरीक्षक नाही. एक पांढरी फळी आणि पट्टी मिळते. फळीवर साचलेला बर्फ मोजायचा, मग ती पुसायची. सकाळी सातला फोन करून आकडा सांगायचा, वाऱ्याचं तेव्हाच विचारून घ्यायचं."

"फोन कोण उचलतं?"

"रात्रपाळीला जो असेल तो."

"आणि रात्रपाळी कुणाची?"

इर्माने हातमोजा नीट केला. तो आधीच नीट होता. "एप्रिलपर्यंत… माझी."

"फळी कुठे मिळते?" ओन्नीने विचारले.

*

त्या दिवसापासून सकाळी सातच्या ठोक्याला कार्यालयातील काळा फोन वाजू लागला.

"कारी पॉइंट. सावेला. चोवीस तासांत साडेसहा इंच."

"जमिनीवर एकूण?"

"एकोणीस. आणि मन किती बुडालंय ते मोजायला पट्टी दिली नाहीत तुम्ही."

"सरकारी पट्टी आहे, सावेला. सरकारी कामालाच वापरा."

"कॉफी प्यायलात?"

"हा प्रश्न तक्त्यात नाही."

"मग तक्ता चुकलाय."

फोन ठेवल्यावरही इर्माचे बोट काही क्षण त्या काळ्या रिसीव्हरवर रेंगाळत असे. रात्रभराचा शीण जात नव्हता. परंतु त्या शिणाला आता एक शेवट होता, आणि तो सात वाजता येत असे.

जानेवारी उजाडला. किनाऱ्याजवळचा अंदाज बंद झाला. मग एकदा सरोवरावरचा बर्फ अखंड दीड दिवस कोसळला आणि ओन्नीचे फोन वाढले. पहाटे चारला एक, पाचला एक, सहाला एक… दर तासाला! "दोन इंच." "आणखी पावणेदोन." "पुन्हा दोन. तुम्ही जाग्या आहात ना?" इर्मा आकडे लिहीत गेली, बेरीज करीत गेली. खरे सांगायचे तर, तिने त्या बेरजेकडे नीट पाहिलेच नाही.

पाहिले ते कार्यालयाचे वयोवृद्ध प्रमुख विटकोम्ब साहेबांनी.

"इर्मा, कारी पॉइंटला बेचाळीस इंच? तीन मैलांवर तेवीस आहेत. त्या माणसाचं आकाश वेगळं आहे का?"

इर्माच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाळी संपताच ती थेट कारी पॉइंटला गेली. घराच्या दारापासून अंगणातील पांढऱ्या फळीपर्यंत बर्फात एक वाट तुडवली गेली होती, गुडघ्याइतकी खोल, गुळगुळीत. इतक्या वेळा कुणी गेल्या-आल्यावाचून अशी वाट पडत नाही!

ओन्नीने तिला आत घेतले, वेलदोड्याच्या गोड पावाचा जाड तुकडा आणि कॉफी पुढे ठेवली.

"फळी किती वेळा पुसता?" इर्माने विचारले.

"मोजलं की पुसतो. दर तासाला."

"अहो!" इर्माने कपाळाला हात लावला. "सहा तासांतून एकदाच पुसायची. पडलेला बर्फ आपल्याच वजनानं खाली बसतो, दबतो. तासातासाला पुसलात तर त्याला बसायला वेळच मिळत नाही. नुसता फुललेला कापूस मोजताय तुम्ही! तेविसाचे बेचाळीस झाले माझे."

ओन्नीने मान खाली घातली. कपाच्या काठावरून अंगठा फिरवीत तो म्हणाला, "सहा तासांतून एकदा पुसायची, हे कागदावर होतं. वाचलं होतं मी."

"मग?"

"सहा तासांतून एकदाच फोन करायला… काही कारण उरलं नसतं ना."

खिडकीबाहेर बर्फ पडत होता. इर्माने पावाचा तुकडा मोडला, परंतु तोंडात घातला नाही. "मी सगळे आकडे खोडले आहेत," ती हळूच म्हणाली. "तुम्ही फोन करा… आकडा नसला तरी चालेल."

*

हवामान कार्यालयात एक नियम होता. तो कुठल्या कागदावर नव्हता, तरी सर्वांत कडक तोच होता. वारा सांगावा, लाट सांगावी, बोटीवर गोठणारे तुषार सांगावेत. पण जा किंवा जाऊ नका, हे कोणाला कधीही सांगू नये. ते सरोवराचे आणि नावाड्याचे आपसातले असते. तरुणपणी विटकोम्ब साहेब एका ओळखीच्या माणसाला "जा" म्हणाले होते. त्याची बोट मे महिन्यात सापडली. तेव्हापासून साहेब फोनवर आकड्यांपलीकडे एक शब्द बोलत नसत, आणि इर्मालाही त्यांनी तेच शिकवले होते.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी सातला फोन वाजला. ओन्नीच्या आवाजात आज थट्टा नव्हती.

"इर्मा, खाडी गोठायला आली. पलीकडे तरंगत्या बर्फाचे मोठे पट्टे दिसतायत. उत्तरेचा वारा सुटला की ते सगळं खडकांवर चालून येणार. चारही जाळी तिथेच आहेत. ती गेली तर वसंतात धंदा करायचा कशानं? आजच काढायला हवीत. वारा काय म्हणतोय?"

इर्मासमोर तक्ता होता. आकडे स्पष्ट होते. नैर्ऋत्येचे वारे, पंधरा नॉट. दुपारनंतर थोडी वाढ संभवते. उणे अठरा अंश.

परंतु रात्रभर जागलेल्या तिच्या डोळ्यांना आकडे दिसेनात. तिला दिसत होती ती छोटी बोट, तिच्यावर उडून जागीच गोठणारे पाणी, इंचाइंचाने चढणारे बर्फाचे ओझे, आणि लाकडी मोगरीने ते फोडीत उभा असलेला एकटा माणूस…

"पस्तीस नॉट," ती म्हणाली.

"पस्तीसमध्ये गेलोय मी पूर्वी. जाळी महत्त्वाची आहेत. आत्ताच निघून जाऊन यावं म्हणतो. जाऊ का?"

"वारा… नैर्ऋत्येचा… लाटा…"

"लाटांचं कळलं. मी तुम्हाला विचारतोय."

शेजारच्या खोलीत विटकोम्ब साहेबांच्या खुर्चीची करकर ऐकू आली. इर्माने डोळे मिटले.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "ओन्नी, जाऊ नकोस."

पलीकडून अगदी हळू आवाज आला. "बरं. नाही जात."

आणि तो दिवस! काय सांगावे त्या दिवसाचे? ढग फाटले, ऊन पडले. सरोवर ताटातील पाण्यासारखे निश्चल झाले. वारा आठ नॉटांच्या पुढे गेलाच नाही. इर्माने घरी खिडकीचे पडदे ओढून घेतले, तरी फटीतून ते ऊन येतच राहिले आणि तिला झोप लागली नाही.

शुक्रवारी पहाटे उत्तरेचा वारा सुटला. बर्फाचे पट्टे खाडीत शिरले. विमानतळावरून वैमानिकांचा निरोप आला की खडकांचा सारा भाग बर्फाखाली गेला आहे. सात वाजले… फोन वाजला नाही. सव्वासात झाले. इर्मा तक्त्यावर त्याच एका ओळीत पेन्सिल फिरवीत बसली.

"साहेब," अखेर ती विटकोम्ब साहेबांना म्हणाली, "काल मी एकाला जाऊ नको म्हटलं."

वृद्धाने चष्मा काढून पुसला. तो पुसायला त्यांना फार वेळ लागला. "मेला का तो?"

"नाही."

"मग घरी जा, पोरी. झोप काढ."

*

आठ वाजता ती बाहेर आली, तेव्हा आवारात तिच्या निळ्या गाडीशेजारी ओन्नी उभा होता. तो चाकांभोवतीचा बर्फ काढीत होता. त्याने वर पाहिले नाही.

"जाळी?" इर्माने विचारले.

"गेली. चारही." फावडे खाली-वर होत राहिले. "दोरीचा तुकडासुद्धा राहिला नाही. काल दिवसभर धक्क्यावर बसून ते सपाट पाणी बघत होतो मी. खोटं कशाला बोलू, फार शिव्या दिल्या तुम्हाला. म्हणून आज फोन केला नाही. म्हटलं, फोनवर तोंडातून काही वाईट जाईल."

"द्या शिव्या. हक्क आहे." इर्माचा आवाज रेडिओवरच्यासारखा संथ राहिला नाही. "तक्त्यावर पंधरा होते, ओन्नी. पंधराच. मी पस्तीस म्हटलं. वरचे वीस सरोवराचे नव्हते… माझे होते."

फावडे थांबले. पहिल्या सकाळी थांबले होते, तसेच.

त्याने तिच्याकडे पाहिले. तिचे डोळे लाल होते, टोपी वाकडी झाली होती, आणि ती उभी होती ती केवळ गाडीला टेकल्यामुळे. त्याच्या कपाळावरची आठी एकदम गेली नाही. ती हळूहळू, बसत्या बर्फासारखी उतरली.

"म्हणजे तुम्हीही तासातासाला फळी पुसलीत," तो म्हणाला.

इर्मा हसली की रडली, हे तिलाही कळले नाही.

"आता एप्रिलपर्यंत चार जाळी विणायची," तो म्हणाला. "दोन हातांना नाही झेपणार."

"मला विणता येत नाही."

"मलाही बर्फ मोजता येत नव्हता. आणि काल 'जाऊ नकोस' म्हणालात, ते आता परत 'नका'वर न्यायचं नाही. चार जाळ्यांना पडलंय ते मला."

"फार महाग पडलं," ती पुटपुटली.

"पडलं खरं," ओन्नी म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "चावी दे. डोळे उघडत नाहीत तुझे."

तिने वाद घातला नाही. शेजारच्या आसनावर बसून तिने डोके काचेला टेकवले, मग थोड्या वेळाने त्याच्या खांद्याला. माशांच्या वासाचे तिला काहीच वाटले नाही. गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. बाहेर पुन्हा बर्फ भुरभुरू लागला होता.

"ओन्नी… आजचा आकडा दिला नाहीस," ती अर्धवट झोपेत म्हणाली.

"फळी पुसलेली नाही अजून."

"कधी पुसणार?"

त्याने गाडीचा वेग कमी केला, तिला धक्का लागू नये म्हणून.

"घाई नाही," तो म्हणाला. "झोप तू. जरा साचू दे."