ओस्बर्टची अर्धी कबुली

आत ये. दार लोटून घे, धुकं खाली उतरायला लागलंय. इथं विस्तवाजवळ बस. तुझं मी ऐकणारच आहे, त्यासाठीच तर बसलेय. पण आधी माझं थोडं ऐक, म्हणजे तुझी भीड मोडेल.

माझं नाव हॉविस. जवाची बिअर करून विकायची हा माझा धंदा. पिंप तयार झालं की दारावरच्या काठीला हिरवी डहाळी बांधायची. ती दिसली की गावाला कळायचं, आज ताजी बिअर आहे. माणसं प्यायला येत आणि मन मोकळं करून जात. माझ्या पोटात मात्र काही राहत नसे. "हॉविसला सांगितलंस? मग दवंडी पिटायला नको!" असं माझा नवराच चारचौघांत म्हणायचा. ओस्बर्ट त्याचं नाव. तिरंदाज होता. राजाबरोबर फ्रान्सात गेला, क्रेसीला लढला, कॅलेच्या वेढ्यात चिखल तुडवला आणि मुळातला अबोल माणूस परत आला तो पारच गप्प होऊन. मग मी दोघांच्या वाटचं बोलायची.

मग मरी आली. ओस्बर्ट तेव्हा लोकर घेऊन ब्रिस्टलला गेला होता. ब्रिस्टलमध्ये माणसं रस्त्यात पडताहेत अशी बातमी आली, तो काही आला नाही. दिवस मावळताना मी रोज टेकडीवर जायची आणि त्याच्या नावानं हाका मारायची. घसा बसेपर्यंत. पलीकडून ओ कधी आली नाही.

आमचे पाद्रीबाबा अगदी सुरुवातीलाच गेले. त्यांच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा बिशपसाहेबांचा हुकूम आला, की कबुली दिल्याशिवाय मरू नका. पाद्री नसेल तर कुणाही माणसापाशी पापं सांगा, पुरुष नसेल तर बाईपाशी सांगा. ऐकणाऱ्यानं मात्र ती कुणाकडे बोलायची नाहीत. शेजारची म्हातारी सिबिल तापानं फणफणलेली, तरी हे ऐकून हसली.

"बाई मिळाली, तीपण हॉविस!" म्हणाली. "माझ्याआधी माझी पापं स्वर्गात पोचतील ग!"

पण सांगितलंन सगळं, माझा हात घट्ट धरून. तिचं मी कुणाला सांगितलं नाही. तिच्यानंतरही कुणाचं नाही. पापं धुवायचा अधिकार मला नव्हता, नुसतं ऐकायचं. एकच गोष्ट मी प्रत्येकाला बजावायची, ती पाद्रीबाबांकडून ऐकलेली. एकही मागं ठेवू नका, अर्धी कबुली म्हणजे कबुलीच नव्हे.

बिअर करणं केव्हाच थांबलं होतं. डहाळी मात्र मी बांधत राहिले. इथं ऐकणारं कुणी आहे, एवढं तरी बाहेरच्याला कळावं.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. संध्याकाळ. असंच धुकं. धार काढायला कुणी नाही म्हणून दिवसभर हंबरणाऱ्या गायीसुद्धा गप्प झाल्या होत्या. चर्चची घंटा वाजवणारा मेलेला, त्यामुळे घंटाही नाही. एवढ्या शांततेत दारावर हळूच टकटक झाली. आमचं कुत्रं उठलं, त्यानं दाराकडे बघितलं आणि शेपूट घालून ते बाकाखाली शिरलं.

दारात ओस्बर्ट.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

स्वतःच्या घरात असं कोण विचारतं? "ये की," मी म्हटलं, "दारात काय उभा राहिलास परक्यासारखा?"

तो आत आला तसा ओल्या लोकरीचा आणि मेंढ्यांच्या लेंड्यांचा वास आला. मी त्याचा हात धरला. ओढ्यातल्या दगडासारखा गार. मी बोलले की माझ्या तोंडातून वाफ निघत होती, तो बोलला तरी त्याच्या तोंडातून निघत नव्हती... तेव्हा मला कळलं. ओरडले नाही मी. माझाच ओस्बर्ट होता तो. मी स्टूल पुढं सरकवलं.

"डहाळी दिसली," तो म्हणाला. "ऐकशील?"

आणि जन्मभर मोजकं बोलणारा माणूस बोलायला लागला. पोरवयातलं सांगितलं, मग फ्रान्सातलं. ते काय होतं, ते विचारू नकोस. ते माझ्यापाशीच राहील. पण एकेक सांगून झालं की तो थोडा विरळ व्हायचा. त्याच्या खांद्यामागची भिंत मला दिसायला लागली. सगळं सांगून झालं की हा जाणार, हे मला लख्ख कळलं.

मी हात वर केला. "आज पुरे. बाकीचं उद्या."

"एकच राहिलंय, हॉविस..."

"उद्या म्हटलं ना!"

जिवंतपणी त्यानं माझा शब्द मोडला नव्हता, आताही मोडला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आला. तिसऱ्याही. तो आला की मी बोलत सुटायची. कुठलं छप्पर कोसळलं, कुणाचं डुक्कर रानात पळालं, काय वाटेल ते. तो मधेच म्हणायचा, "ते एक राहिलंय..." मी म्हणायची, उद्या. खरं सांगू? अख्खं गाव मातीत गेलेलं आणि मी रोज संध्याकाळी केस विंचरून बसायची. इतक्या सुखात मी लग्नानंतरही नव्हते.

पण तो झिजत होता. आधी कुत्र्याचं नाव विसरला. मग त्याच्या डोळ्यांचा रंग मला दिसेना. आवाज असा, की तळघरातून कुणी बोलतंय. आणि एका संध्याकाळी दारात येऊन तो तिथंच थांबला.

"बाई," तो म्हणाला, "इथं... कुणी ऐकून घेतं का?"

मला म्हणाला. मला! हे मी केलं होतं. दोन शब्द जास्त बोलता यावेत म्हणून मी त्याला ना इकडचं ठेवलं होतं, ना तिकडचं.

मी त्याला बसवलं. "सांग. राहिलंय ते सांग."

"माझी बायको..." तो चाचरत म्हणाला. "टेकडीवरून मला हाका मारायची. मी पलीकडंच होतो. मेंढवाड्यात. परत येताना वाटेतच काखेत गाठ आली होती. सगळं ऐकू यायचं..."

"मग ओ का दिली नाहीस रे?"

"धावत आली असती ती. शिवली असती मला... ओ तोंडापर्यंत यायची. मग तोंडात लोकर कोंबून घ्यायचो. तिला वाटलं असेल, मी विसरलो तिला. एवढं एकच पाप राहिलंय, बाई."

मी रडत होते आणि त्याला ते दिसत नव्हतं. बाकीच्या पापांची माफी देवाच्या हातात. ही एक मात्र माझ्या हातातली होती.

"तिनं माफ केलंय," मी म्हटलं.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"ओळखते मी तिला. तोंडाची वाचाळ आहे, पण मनात धरून बसत नाही."

तो हसला. लढाईवर जायच्या आधी हसायचा तसा. "हॉविस..." म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला. आणि स्टूल रिकामं झालं.

सकाळी मी मेंढवाड्यात गेले. सापडला. त्याच्या तोंडातली लोकर मी काढली आणि स्वतःच्या हातांनी त्याला पुरलं.

त्या संध्याकाळी परत टकटक झाली. दारात एक अनोळखी खलाशी उभा, कपड्यांतून पाणी गळतंय. त्याच्यामागे एक बाई. तिच्यामागे पार ओढ्यापर्यंत माणसं, धुक्यात, एकामागं एक, मुकाट. जन्मभर न बोललेल्या ओस्बर्टनं जाता जाता वाटेवर सगळ्यांना सांगितलं होतं, की इथं ऐकून घेतात!

तेव्हापासून हे असं चाललंय. जिवंत माणूस या रस्त्यानं यायचा केव्हाच बंद झाला, बाळा.

हात बघू तुझा. हं... घाबरू नकोस. कधी झालं ते आठवत नाही ना? होतं तसं. सांगायला लागलास की आठवेल. मी ऐकतेय, आणि इथून बाहेर काही जाणार नाही. फक्त एक सांगू? घर फार रिकामं आहे रे. सगळं आजच सांगायला हवं असं काही नाही.

एखादं राहू दे उद्याला.