अरुणाबाईंचे कागद

तो मोठा लाइट बंद कर, नकुल, डोळ्यांवर येतो. कोपऱ्यातला राहू दे. आणि स्वराली, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मधे हसलीस तर मी उठून सरळ झोपायला जाईन. गोष्ट सांगा म्हणून तुम्हीच मागे लागलात. मला रंगवून वगैरे सांगता येत नाही, पद्माकरनं मला जे सांगितलं ते सांगतो.

पद्माकर माझा चाळीस वर्षांचा मित्र. इथंच ब्रिस्टलला आम्ही एका ऑफिसात विमानाच्या पंखांची ड्रॉइंग्ज करायचो. लग्न केलं नाही त्यानं. दर शनिवारी सकाळी गाडी काढायचा आणि कॉर्नवॉलला जायचा, अरुणा देवस्थळींकडे. अरुणाबाई कथा लिहायच्या, मराठीत. तिथं समुद्राकाठच्या एका खेड्यात चित्रकार, कुंभारकाम करणारे, कवी अशी मंडळी मासळीच्या जुन्या वखारी घेऊन राहिली होती, त्यांच्यात या एकट्या मराठी. हा त्यांचं लिखाण टाइप करून द्यायचा, छप्पर गळत असेल तर बघायचा, चहा प्यायचा आणि संध्याकाळी परत. लोक काय बोलायचे ते सोडा. आपण त्यांचे कोण, हे त्यालाच माहीत नव्हतं. "तीस वर्षं जातोय, नंदू," मला म्हणायचा, "पण ये म्हणाली नाही कधी, आणि येऊ नकोसही म्हणाली नाही."

बाई कॅन्सरनं गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्याला जवळ बसवून म्हणाल्या, "छापलंय ते लोकांचं. बाकीचे कागद जाळून टाक. वाचू नकोस. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?" यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आणि जाळले नाहीत. घरी आणले आणि अथपासून इतिपर्यंत वाचले.

डायऱ्या होत्या, न टाकलेली पत्रं होती. पानोपानी हाच. 'प्रिय पद्माकर'नं सुरू होणारी पत्रं, एकही कधी पोस्टात पडलं नाही. डायरीत एका ठिकाणी नुसतं एवढंच, 'शनिवारी पद्माकर आला. बरं वाटलं.' साठी उलटलेला माणूस लहान पोरासारखा हरखून गेला. तिथं थांबला असता तरी मी काही बोललो नसतो. पण याला ते जगाला दाखवायचं होतं. त्या कलाकार मंडळींची आता ट्रस्ट आहे, जुन्या कागदांची अर्काइव्ह आहे. यानं सगळी खोकी त्यांना देऊन टाकली. वर सांगितलं, बाईंची तशीच इच्छा होती.

मी त्याला चांगला झापला. म्हटलं, "अरे, शेवटचं मागितलं तिनं तुझ्याकडे ते एवढंच. ती आता भांडायला येणार नाही, म्हणून ना?"

तो म्हणाला, "मी कुणाच्या तरी आयुष्यात कुणीतरी होतो याचा एवढाच पुरावा आहे रे माझ्याकडे."

मला राग आला होता त्याचा. आजही आहे.

टॅम्सिन म्हणून तिथलीच एक मुलगी अर्काइव्ह सांभाळते. तिनं पान न् पान स्कॅन केलं, यानं बसून इंग्लिश भाषांतर टाइप केलं. मग प्रदर्शन ठरलं, दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरमधला शेवटचा रविवार, सत्तावीस तारीख. म्हणजे आदल्या रात्री घड्याळं एक तास मागे जातात. दोन वाजायच्या ऐवजी परत एकच वाजतो. एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा येतो.

पद्माकर तिथंच एका बी अँड बीमध्ये उतरला होता. मध्यरात्र उलटल्यावर टॅम्सिनचा मेसेज आला. कागदांच्या खोलीतली हवा दमट झाली की तिच्या फोनवर अलर्ट येतो. ती लांब राहते. 'हवा कोरडी करायच्या मशीनची टाकी भरली असेल, रिकामी करशील का?' किल्ली याच्याकडे होतीच. पायजम्यावर कोट चढवून निघाला.

धुकं होतं. बंदरात बोटींच्या दोऱ्या तेवढ्या वाजत होत्या. यानं कुलूप उघडलं, लाइट लावला, टाकी ओढून बघितली. कोरडी ठणठणीत. मशीन व्यवस्थित चालू. आणि खिडकीच्या काचा आतून धुरकटलेल्या… बंद गाडीत कुणी बराच वेळ बसून राहिलं की होतात ना, तशा.

खोलीत कुणी नव्हतं. शेल्फांवर करडी खोकी, बस. त्यानं टाकी परत बसवली.

मागे पान उलटल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं दुसरं पान.

त्याला वळवेना.

"वाचलंस?"

मराठीत. तिचाच आवाज. आजारातला नाही, त्याच्या आधीचा.



"सगळं वाचलंस?"

"हो…"

"आणि लोकांना दिलंस."

"अरुणा, तू कधी बोलली नाहीस गं… एकदा तोंडानं सांगितलं असतंस तर…"

मशीनची घरघर.

"माझा तुझ्या एकट्यावर विश्वास होता, पद्माकर."

रडून नाही. चिडूनही नाही. थकलेलं माणूस बोलतं तसं.

त्यानंतर ती बोलली नाही. हातातल्या फोनवर एक एकोणसाठ झाले होते. मग एक वाजला… परत.

खोक्याचं झाकण निघालं. पानं… एकेक पान. ते खोकं मिटलं. दुसरं उघडलं. तिला घाई नव्हती. याचे पाय हलत नव्हते. मान वळत नव्हती. तासभर… नुसती पानं.

मग थांबलं.

वळून बघितलं तर कुणी नाही. खोकी जागच्या जागी, फिती बांधलेल्या. काचा स्वच्छ.

तो रस्ताभर रडत परत गेला. पण मला म्हणाला, बरंही वाटत होतं. आली, सगळं चाळलं, आणि काही जाळलं नाही. म्हणजे माफ केलं तिनं. गाढव माणूस, शांत झोपला.

सकाळी प्रदर्शन. डायरीतलं ते पान भिंतीवर मोठं करून लावलं होतं. 'शनिवारी', मग कोरी जागा, मग 'आला. बरं वाटलं.' टॅम्सिनला वाटलं छापणाऱ्याची चूक. तिनं मूळ डायरी काढली. तिथंही कोरं. खाडाखोड नाही, खरवडलेलं नाही, दोन्ही बाजूची शाई जशीच्या तशी. पत्रं काढली. 'प्रिय', आणि पुढं काही नाही. एकूणएक पत्र असंच. कॉम्प्युटरवरचे जुने स्कॅन, तेच. इंग्लिश भाषांतर तर यानं स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं. त्यातही नाव नाही.

बाकी सगळं शाबूत होतं बरं का. तिचं आजारपण, एकटेपण, लोकांनी चवीनं वाचलं. फक्त याला तिनं काढून घेतलं. एक म्हातारी बाई पानासमोर उभी राहून म्हणाली, कुणीतरी होता वाटतं हिचा, कोण होता कोण जाणे. हा तिच्या शेजारीच उभा.

आता मला रात्री फोन करतो. बोलायला काही नसतं. "नंदू, नावानं हाक मार रे एकदा," म्हणतो. मी मारतो. "परत," म्हणतो.

काय म्हणालीस, स्वराली? कुणीतरी एडिट केलं असेल? असेल बाई. मीही इंजिनियर आहे, मीही हेच म्हटलं. फक्त एक मला कळत नाही. ती डायरी वाचली त्याच रात्री त्यानं त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला होता, मिरवायला. मी जेवता जेवता वाचला होता, नाव होतं त्यात. तेव्हापासून तो माझ्याच फोनमध्ये आहे, कुणी हात लावलेला नाही.

हा घे, नकुल. मोठा कर. वाच मोठ्यानं.

"शनिवारी… आला. बरं वाटलं."