राणी का टेलचं पाणी

काटेवाडीच्या डेअरीपुढं, दुधाच्या किटल्यांच्या साक्षीनं हिंदुरावांची आणि शेजारच्या तानूबाईची पैज लागली.

हिंदुरावांचा पुतण्या यशराज मोबाईलवर एक गेम खेळायचा. त्यात राजा व्हायचं आणि बरं-वाईट आपणच निवडायचं. जसं निवडाल तसं पुढचं राज्य. आता राजापुढं पेच होता. कालव्याचं दार एकदाच उघडणार. पाणी महालाकडं वळवलं तर रुसलेली राणी नांदायला येणार. टेलला, म्हंजे कालव्याच्या पार शेवटच्या गावाला सोडलं, तर गाव जगणार आणि राणी कायमची जाणार.

हिंदुराव म्हणाले, आमचा यशा पहिल्याच खेपेला टेलला पाणी देणार. तानूबाई म्हणाली, गडीमाणूस हाय, राणीकडंच पळणार. ती हरली तर तिनं गॉगल लावून गावातनं ट्रॅक्टर चालवायचा. हिंदुराव हरले तर भर बाजारात अर्धी मिशी काढायची.

पंच म्हणून तानूबाईनं भाचीला बसवलं. निकिता निमगाव केतकीची, शिकायला बारामतीत, राहायला मावशीकडं. ती हिंदुरावांच्या दारात आली... आणि यशराजनं मोबाईल उलटाच धरला.

"सुलटा धरा, राजे," ती म्हणाली. "राणी डोक्यावर उभी हाय."

ती शेजारी टेकली. ओढणीचं टोक त्याच्या मनगटाला लागलं, त्यानं हातच हलवला न्हाय. तेवढ्यात दोन दरोडेखोर राजाला बडवून गेले.

"लक्ष कुठंय तुमचं?"

"हितंच..."

"हितं म्हंजे मोबाईलमधी, का—"

त्याचे कान लाल झाले. त्यानं बोट दाबलं आणि टेलचं दार उघडलं. भेगाळल्या रानात पाणी शिरलं, गेममधली म्हातारी पदर भिजवत हसली. राणीचा घोडा दिसेनासा झाला.

निकितानं त्या पाण्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "आमचं रानबी टेललाच हाय. आमच्यापतूर येस्तोवर पाणी दमतं. आमच्यासाठी दार उघडणारा... पहिलाच बघितला."

असं बघितलं तिनं, की यशराजला रात्रीची भाकरी गिळंना.

सकाळी तानूबाई गॉगल लावून ट्रॅक्टरवर चढली. निम्मं गाव जमलं. हिंदुराव मिशीला पीळ देत होते. यशराज सरळ निकितापुढं जाऊन उभा राहिला. खरं सांगितलं तर ती जाणार, हे त्याला दिसत होतं.

"मी आधी एकदा खेळलोय," तो म्हणाला. "तवा राणीच आणली. गाव वाळून गेलं. ती म्हातारी कोरड्या विहिरीवर बसून ऱ्हायली... बघवंना. मग जुन्या ठिकाणावरनं परत सुरू केलं. काल बघितलीस ती दुसरी खेप."

हिंदुरावांचा हात मिशीवरच अडकला.

"मला कळलंबी नसतं," निकिता म्हणाली. "मग सांगितलंस कशाला?"

"तू मला आवडतीस. आणि तुला जो आवडला... तो मी न्हवतो."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"त्यो न्हवता आवडला," ती म्हणाली. "ह्यो आवडला. पण मी काय राणी न्हाय, टेलची हाय. चालंल?"

"पळंल."

तानूबाईनं ट्रॅक्टरवरनंच हॉर्न दाबून धरला.

बाजारच्या दिवशी निकिताच्या निमगावात, भाजीवाल्यांच्या घोळक्यात खुर्ची मांडली. हिंदुराव बसले. सलूनवाल्या गेणूनं वस्तरा उघडून विचारलं, डावी का उजवी?

"मला नको इचारू," हिंदुराव निकिताकडं बोट करून म्हणाले. "निवड तिची."

"डावी घ्या," निकिता म्हणाली. "उजवी लग्नाच्या फोटोला राहू द्या."